उजवीकडं जाणारे छर्रे

पिस्तूल उजवीकडं मारायला लागलं तेव्हा पहिला संशय मी पिस्तुलावरच घेतला. हात आपला, डोळा आपला. त्या तिघांत परकं कोण असेल तर ते लोखंडच.

हे पिस्तूल हवेवर चालणारं. दहा मीटरवर टांगलेल्या कागदावर शिशाचे बारीक छर्रे मारायचे, उभं राहून, एका हातानं. आवाज म्हणाल तर बाटलीचं बूच उडावं एवढा. पण मी पिस्तूल चालवते असं कुणाला सांगितलं, की समोरचा आधी माझ्याकडं बघायचा आणि मग माझ्या पर्सकडं.

मी तेव्हा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. मशीनवरून आलेले छोटे छोटे भाग मापायचे, भिंगाखाली धरून कड वाकलीय का, ओरखडा आलाय का ते बघायचं, चांगला भाग एका ट्रेमध्ये टाकायचा, वाईट दुसऱ्या. कॉलेजात एनसीसीत असताना रायफल धरली होती, ती लग्नानंतर सुटली ती सुटलीच. पुढं मुलगा शिकायला पुण्याला गेला आणि संध्याकाळी घर फारच गप्प वाटायला लागलं. त्या दिवसांत कुणीतरी छावणीतल्या हॉलबद्दल सांगितलं. जुना बॅडमिंटनचा हॉल होता तो. वर पत्रे, भिंतीत उंचावर गजांच्या खिडक्या, आणि एका टोकाला लाकडी चौकटीत लावलेले कागद. शिकवणारे सर सैन्यातून निवृत्त झालेले. बोलायचे कमी, आणि बोलले तर दुसऱ्यांदा सांगायचे नाहीत.

तिथंच आपा भेटल्या. उर्दू शाळेतून खेळाच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या, वय साठीच्या घरात. सलवार-कमीज, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, चष्मा दोरीनं गळ्यात. माझ्याशी मराठी बोलायच्या, पण रंगात आल्या की दखनीवर जायच्या. त्यांचे वडील निजामाच्या पोलिसांत होते. पोलीस ॲक्शननंतर घरातली बंदूक जमा करावी लागली. भिंतीवर तिच्या दोन खुंट्या तेवढ्या राहिल्या.

“मग त्या खुंट्यांचं काय केलं?” मी एकदा विचारलं होतं.

“क्या करते? अम्मी उसपे छत्री टांगती थी,” आपा म्हणाल्या. “मैं छोटी थी. मला वाटायचं, बंदूक म्हणजे छत्रीच असते.”

आमचं चांगलं जमलं. शेजारी शेजारी उभ्या राहून मारायचो, मधे थर्मासातला चहा प्यायचो. दोन-तीन वर्षांत माझा हात बरा बसला. सरांनी त्या हिवाळ्यात जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी माझं नाव द्यायचं ठरवलं, आणि नेमके तेव्हाच छर्रे उजवीकडं जायला लागले.

आधी थोडेच. मधल्या गोलाला चाटून, घड्याळात तीन वाजतात त्या बाजूला. एखाद्या दिवशी होतं असं. पण पुढच्या आठवड्यात सगळेच तिकडं. विखुरलेले नव्हते, मुठीत मूठ धरावी तसे एकत्र बसलेले. फक्त मूठ भलत्या जागी. हे मला जास्त खुपलं. छर्रे इकडं तिकडं उडत असते तर हात हलतोय म्हटलं असतं. हे तर कुणीतरी धरून उजवीकडं नेल्यासारखं होतं.

पिस्तुलाच्या मागच्या टोकाला एक खाच असते, तिला बॅक साइट म्हणतात. पुढच्या टोकाला एक उभी पट्टी, ती फ्रंट साइट. खाचेतून बघायचं, पट्टी बरोबर मधोमध आणायची, दोन्ही बाजूंना उजेडाची सारखी फट दिसली पाहिजे, आणि मग चाप हळू दाबायचा. मागची खाच सरकवायला एक स्क्रू असतो. छर्रे उजवीकडं चालले तर स्क्रू फिरवून ते डावीकडं आणता येतात.

सर म्हणाले, “स्क्रूला हात लावू नका. आधी कारण शोधा.”

पण माझं सगळं आयुष्य मापात गेलेलं. माप सरकलं तर मशीन थोडी फिरवून घ्यायची, हे आमच्याकडं रोजचंच. सरांची पाठ वळल्यावर मी स्क्रू फिरवला. छर्रे मधे आले. मी खूश. चार दिवसांनी पुन्हा उजवीकडं. पुन्हा फिरवला. पुन्हा मधे आले, पुन्हा सरकले. सरांच्या लक्षात आलं, पण ते रागावले नाहीत. पिस्तूल हातात घेऊन स्क्रूकडं बघितलं आणि नुसतं “हं” म्हणाले.

मग आम्ही रीतसर शोधायला बसलो. छर्ऱ्यांचा डबा बदलला. नळी साफ केली. खाच सैल झालीय का, पट्टी हललीय का ते सरांनी पेचकस लावून बघितलं. सगळं घट्ट होतं. हॉलच्या कोपऱ्यात एका टेबलावर वाईस, म्हणजे वस्तू आवळून धरायचा लोखंडी शिकंजा, बसवलेला होता. सरांनी त्याच्या जबड्यांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावले, पिस्तूल त्यात आवळलं आणि नेम न धरता नुसता चाप दाबत गेले. सगळे छर्रे एकाच भोकातून गेले. कागदावर एकच भोक, फक्त कडा थोड्या फाटलेल्या.

“नळी सरळ आहे, छर्रे चांगले आहेत,” सर म्हणाले. “पिस्तुलाचं काही म्हणणं नाही.”

म्हणजे म्हणणं माझंच होतं.

भिंतीवर एक तक्ता लावलेला होता. छर्रा कोणत्या बाजूला गेला तर हाताची कोणती चूक, असं त्यात घड्याळासारखं मांडलेलं. तीन वाजता लिहिलं होतं : अंगठ्याचा दाब. सरांनी मला अंगठा वर उचलून धरायला लावला. मुठीवर अंगठा टेकतच नव्हता, तरी छर्रे उजवीकडं. मग बोट चापावर कुठं टेकतं ते बघितलं, मनगट बघितलं, पाय थोडे फिरवून उभं केलं. सर माझ्या उजव्या बाजूला खुर्ची टाकून बसायचे आणि कागदाकडं न बघता माझ्या हाताकडं बघायचे.

“हात चांगला चाललाय,” एक दिवस ते म्हणाले. त्यांच्या आवाजात कोडं पडल्यासारखं काहीतरी होतं.

“मग?”

“मग माहीत नाही.”

माझे पती लासूर स्टेशनच्या बाजारात एका आडतीवर हिशेब बघायचे. सकाळच्या गाडीनं जायचे, संध्याकाळी परत. ह्यांना नेमबाजीत रस नव्हता, पण माझा चेहरा उतरला की तो ह्यांना बरोबर कळायचा.

“आज बी उजवीकडं?” चप्पल काढता काढता हे विचारायचे.

“आज जास्तच.”

“मंग कागदच थोडा उजवीकडं टांगा की.”

मी हसायचे नाही. मग हे गुमान पाणी प्यायचे आणि थोड्या वेळानं म्हणायचे, “खांदा कसाय?”

खांदा दिवाळीच्या आधीपासून दुखत होता. हात लांब करून जड पिस्तूल धरायचं म्हटलं की खांद्यात सुई टोचल्यासारखं व्हायचं. डॉक्टरांनी थोड्या दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या. जादूच झाली त्या गोळ्यांनी. स्पर्धा जवळ आलेली, म्हणून संपल्या की मी औषधाच्या दुकानातून तीच पट्टी पुन्हा आणायचे. खांदा त्यामुळं बरा होता. म्हणून तर कोडं आणखी अवघड झालं होतं. दुखत नाही, हात हलत नाही, पिस्तूल सरळ आहे, मग छर्रा कुणाच्या सांगण्यावरून तिकडं जातो?

मनात वेगळेच विचार यायला लागले होते. चाळिशी उलटली होती. कारखान्यात माझ्याबरोबरच्या एक-दोघी म्हणायच्या, आता शरीर आपलं राहत नाही. झोपही नीट लागत नव्हती. वाटायचं, स्पर्धेची भीती बसलीय आणि मनच हात ओढतंय.

एकदा आपा म्हणाल्या, “ला, मला दे. मी मारून बघते.”

त्यांनी माझं पिस्तूल घेतलं, चष्मा नाकावर चढवला, आणि सावकाश पाच छर्रे मारले. आम्ही जाऊन कागद काढून आणला. पाचही छर्रे डावीकडं.

“हे काय?” मी म्हणाले. “मी मारते तेव्हा उजवीकडं, तुम्ही मारता तेव्हा डावीकडं?”

आपांनी कागद उजेडाला धरला. “स्क्रू किती फिरवलास?”

“बराच.”

“मग बरोबर आहे. तू खाच डावीकडं नेलीस, म्हणून माझं डावीकडं गेलं. माझं ठीक आहे. पण तू त्याच खाचेतून बघतेस आणि तरी उजवीकडं मारतेस.” त्या माझ्याकडं बघत राहिल्या. “बेटा, तू और मैं एक चीज नहीं देख रहे.”

त्यांनी ते सहज म्हटलं होतं. मलाही त्याचा अर्थ तेव्हा नीट पोचला नाही.

त्या रविवारी सर मुलांना घेऊन बाहेरगावी गेले होते. हॉलची किल्ली आपांकडं. आम्ही दोघीच. आपा आल्या त्या काहीतरी ठरवूनच.

“तू एनसीसीत होतीस ना? तिथं रायफल वाळूच्या पोत्यावर ठेवून नेम शिकवायचे, आठवतं? गोळी न मारता?”

मला आठवलं. रायफल पक्की ठेवायची. समोर भिंतीवर कोरा कागद लावून एक जण गोल पुठ्ठा हातात धरून उभा राहतो, पुठ्ठ्याच्या मधोमध भोक. नेम बघणारा रायफलला हात न लावता नुसता साइटमधून बघतो आणि सांगतो, डावीकडं, थोडं वर, थांब. नेम जुळला की भोकातून पेन्सिलीनं ठिपका करायचा. असं तीनदा. ठिपके जवळ जवळ आले तर नेम धरायला शिकलात.

आपांनी पिस्तूल वाईसमध्ये आवळलं. स्वतः कागदाजवळ गेल्या, पुठ्ठा धरला. मी टेबलाशी वाकले, डावा डोळा मिटला, उजव्यानं खाचेतून बघितलं. पट्टी मधोमध आणली, दोन्ही फटी सारख्या करून घेतल्या.

“उजवीकडं घ्या. आणखी. थोडं खाली. थांबा.”

पेन्सिलीचा आवाज आला. आपांनी पुठ्ठा हलवून भलतीकडं नेला. पुन्हा सुरुवात. असे तीन ठिपके झाले.

“आता दुसऱ्या डोळ्यानं,” आपा म्हणाल्या.

“मी उजव्यानंच बघते नेहमी.”

“माहितीय. आता डाव्यानं बघ.”

मी उजवा डोळा मिटला. डाव्यानं बघायची सवय नसल्यानं आधी काही जमेना. मग जमलं. तीन ठिपके त्याचेही झाले. नंतर आपा टेबलाशी आल्या, मी पुठ्ठा धरला आणि त्यांचेही तीन ठिपके घेतले.

आम्ही कागद काढून टेबलावर ठेवला. आपांचे ठिपके आणि माझ्या डाव्या डोळ्याचे ठिपके एकमेकांना लागून होते, चवलीच्या नाण्याखाली झाकले जातील इतके. माझ्या उजव्या डोळ्याचे तिन्ही त्यांच्यापासून वेगळे, एका बाजूला, आपापसांत मात्र जवळ.

आपा हळूच म्हणाल्या, “पिस्तूल तो बेचारा अपनी जगह पे है.”

मान वर केली तर समोर उंचावर खिडकी होती. मी डावा डोळा झाकला आणि उजव्यानं खिडकीच्या गजांकडं बघितलं. टोकाचे गज सरळ होते. ज्या गजावर नजर रोखावी तो मात्र मधेच किंचित आत वळत होता, पेटलेल्या मेणबत्तीजवळ ठेवलेल्या दुसऱ्या मेणबत्तीसारखा. दुसऱ्या गजाकडं बघितलं तर तो वळला, आणि पहिला सरळ झाला. डावा डोळा उघडला की सगळं ठीक.

“आपा,” मी म्हणाले, “हे गज वाकडे दिसतायत मला.”

त्यांनी मला खुर्चीवर बसवलं. पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. त्या हाताचं वजन मला अजून आठवतं. काही समजावत नव्हता तो, नुसता होता.

सगळं आपोआप उलगडत गेलं. मला ज्या दोन फटी सारख्या दिसत होत्या त्या खऱ्या सारख्या नव्हत्याच. पट्टी मला डावीकडं झुकलेली दिसायची, म्हणून मी इमानदारीनं ती उजवीकडं घ्यायचे. स्क्रू फिरवून जुळवलं की डोळा आणखी बिघडायचा आणि पुन्हा सरकायचं. एरवी दोन्ही डोळे उघडे असायचे, चांगला डोळा वाईटाला सांभाळून घ्यायचा. नेम धरताना तेवढी मी त्या एकट्यावर विसंबून होते.

आणि दुसरं एक आठवलं. कारखान्यातलं भिंग. ते मी उजव्याच डोळ्याला लावत होते.

घरी आले तेव्हा हे रविवारचा पेपर वाचत बसले होते. मी सगळं सांगितलं. ह्यांनी पेपर माझ्यासमोर धरला.

“एक डोळा झाक. वाच.”

मी वाचलं. अक्षरं वाचता येत होती, पण ओळ मधे खचल्यासारखी होती, खाली कुणी विटा काढून घेतल्यासारखी.

“दिसतं तर सगळं,” हे म्हणाले.

“दिसतं. पण वाकडं.”

ह्यांनी पेपरची घडी घातली. ती नीट जमेना, म्हणून पुन्हा घातली. “उद्या लासूरला जात नाय मी,” म्हणाले. “दवाखान्यात जाऊ.”

डोळ्याच्या डॉक्टर तरुण होत्या, बोलायला मोकळ्या. डोळ्यांत थेंब घालून बसवलं, बाहुल्या मोठ्या झाल्यावर आत बघितलं, यंत्रावर हनुवटी टेकवून फोटो काढले. मग आम्हा दोघांना समोर बसवलं.

“भिंतीला ओल आली की रंगाचा पापुद्रा फुगतो ना? तसं झालंय. डोळ्याच्या मागच्या पडद्याखाली थोडं पाणी साचलंय, नेमकं मधोमध. पडदा तिथं उचलला गेलाय, म्हणून सरळ वस्तू वाकडी दिसते.”

“डोळा जाईल का?” हे विचारायचं धाडस माझ्याऐवजी ह्यांनीच केलं.

“बहुतेकांचं हे आपोआप ओसरतं. काही महिने लागतात. पण का साचलं ते बघायला पाहिजे. झोप कशी आहे? ताण आहे का? कुठल्या गोळ्या चालू आहेत?”

पर्समध्ये खांद्याच्या गोळ्यांची पट्टी होती. मी ती टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी उलटून नाव वाचलं आणि माझ्याकडं बघितलं.

“ह्या स्टिरॉईडच्या आहेत. कधीपासून घेताय?”

“दिवाळीपासून.”

“सलग? कुणाच्या सांगण्यावरून?”

“पहिल्या डॉक्टरांनी दिल्या होत्या. पुढच्या मीच आणल्या.”

त्यांनी पट्टी बाजूला ठेवली. “ह्यानं असं होऊ शकतं. ह्यानंच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही, पण ह्या थांबवायच्या. एकदम नाही, मी सांगते तशा कमी कमी करत आणायच्या. खांद्याला व्यायाम करा.” मग विचारलं, “तुमच्या लक्षात कसं आलं? इतक्या सुरुवातीला सहसा कुणी येत नाही.”

मी पिस्तुलाचं सांगितलं. त्या खुर्चीत मागं टेकून हसल्या. “चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून लोक वर्ष वर्ष काढतात.”

त्यांनी मला बारीक चौकटींचा एक कागद दिला, आपला वहीचा गणिताचा कागद असतो तसा, मधे ठिपका. रोज सकाळी एकेक डोळा झाकून ठिपक्याकडं बघायचं, चौकटी किती वाकतात ते ध्यानात ठेवायचं. जास्त वाकल्या तर लगेच यायचं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेले ती थेट आमच्या साहेबांच्या केबिनमध्ये. रस्ताभर वाक्यं जुळवत होते. नोकरी डोळ्यांची, डोळ्याचंच असं झालं तर ठेवतात का काढतात, काही सांगता येत नव्हतं. पण चुकीचा भाग चांगल्या ट्रेमधून बाहेर गेला असेल तर तो कुठल्यातरी गाडीत बसणार होता. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं आणि म्हणाले, “मी भिंगाखाली बघितलेला माल परत तपासून घ्या.”

साहेबांनी आधी मला बसायला सांगितलं. मग फोन करून जेवढा माल अजून गोदामात होता तेवढा बाजूला काढायला लावला. दोघांनी मिळून तो तपासला. ते दोन दिवस मी गेजच्या, म्हणजे काट्यावर माप घ्यायच्या, टेबलावर बसून होते, पण कान तिकडंच. शेवटी साहेब स्वतः आले.

“बाई, चांगल्या ट्रेमधला माल चांगलाच निघाला. वाईट ट्रेमध्ये मात्र बरेच चांगले सापडले. कड वाकडी म्हणून तुम्ही बाद केलेले.”

“मला वाकडीच दिसत होती.”

“असू द्या. तुम्ही चांगल्याला वाईट म्हणालात, वाईटाला चांगलं म्हणाला नाहीत. गिऱ्हाईक वाचलं.” आणि जाता जाता म्हणाले, “डोळा बरा होईस्तोवर तुम्ही गेजवरच बसा. तिथं काट्याकडं बघायचं असतं.”

मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि थोडा वेळ तिथंच उभी राहिले.

जिल्ह्याची ती स्पर्धा मी सोडली. आपांनी भाग घेतला आणि त्यांचा दुसरा नंबर आला. मी मागं बाकावर बसून टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या, पण हातांना पिस्तुलाची आठवण येत होती, हे खरं.

सर बाहेरगावाहून आल्यावर आपांनी त्यांना ठिपक्यांचा कागद दाखवला होता. त्यांनी तो बराच वेळ बघितला. “मी हातच बघत बसलो,” म्हणाले. मग मला म्हणाले, “घरी बसू नका. हात शिकलेला आहे, त्याला कशाला शिक्षा? उजव्या हातात पिस्तूल धरा आणि डाव्या डोळ्यानं नेम धरा.”

“असं चालतं?”

“रायफलला अवघड जातं. पिस्तूल डोळ्यापासून लांब असतं. मान फिरवा, पाय फिरवा, चालतं.”

म्हणणं सोपं होतं. डावा डोळा नेमाच्या रेषेत आणायचा तर मान अशी वळवावी लागायची की समोरचं सोडून मी खांद्यावरून चोरून बघतेय असं वाटायचं. आपा पहिल्या दिवशी बघून इतक्या हसल्या की त्यांना भिंतीला टेकावं लागलं.

“काय झालं?”

“कुछ नहीं. दुल्हन लग रही है तू. फोटोवाल्यानं सांगितलंय, जरा इकडं बघा.”

पण हसून झाल्यावर त्याच माझ्यामागं लागल्या. पायांचा कोन खडूनं फरशीवर आखून दिला. मान जास्त वळली की मानेवर दोन बोटं ठेवायच्या. पहिले काही आठवडे छर्रे कुठंही जायचे, कधी कधी कागदावरही नाही. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. का जातात ते कळत होतं.

सकाळी लासूरची गाडी धरायच्या आधी हे चहा घेऊन समोर बसायचे आणि मी चौकटींच्या कागदाकडं बघायचे.

“आज?”

“कालच्यासारखंच.”

“वाढलं तर नाय ना?”

“नाही.”

उन्हाळ्यात एक दिवस मी म्हणाले, “आज जरा कमी वाटतंय.” हे कप ठेवून गाडीला गेले. संध्याकाळी येताना लासूरहून खरबूज घेऊन आले.

पावसाळा सरता सरता डॉक्टरांनी फोटो काढला तेव्हा पाणी ओसरलं होतं. मधोमध अगदी बारीक डाग राहिला, तो राहील म्हणाल्या. रंग त्या डोळ्यानं किंचित मळकट दिसतात, पांढरं पातळ दोनदा धुतल्यासारखं. रेषा सरळ झाल्या. कारखान्यात मी भिंगाच्या टेबलावर परत गेले, भिंग मात्र डाव्या डोळ्याला लावायला लागले. नेमही मी डाव्यानंच धरत राहिले. सरांनी उजवा वापरून बघा म्हटलं, मी बघितला, आणि परत डाव्यावर आले. त्याच्याबरोबर इतके दिवस काढले होते.

पुढच्या हिवाळ्यात स्पर्धा आमच्याच हॉलमध्ये झाली. हे रजा टाकून आले, कानात कापूस घालून पहिल्या बाकावर बसले. हवेच्या पिस्तुलाला कापूस लागत नाही, हे कुणी ह्यांना सांगितलं नाही. मी मान वळवून उभी राहिले आणि मारत गेले. माझा नंबर चौथा आला, आपांचा पाचवा. आपा म्हणाल्या, “अब मैं भी गर्दन घुमा के मारती हूँ.”

सगळे पांगल्यावर आपांनी ह्यांच्या हातात पिस्तूल दिलं. हे नको नको म्हणत होते, पण उभे मात्र ताठ राहिले. पहिला छर्रा लाकडी चौकटीत घुसला. दुसरा कागदाच्या कोपऱ्यावर. तिसरा कसा कोण जाणे, थेट काळ्या गोलात.

“बस,” हे म्हणाले आणि पिस्तूल खाली ठेवलं. “आता नाय मारत.”

तिसऱ्या छर्ऱ्याचा तो कागद ह्यांनी घडी करून खिशात घातला. लासूरच्या बाजारात ह्यांनी काय सांगितलं देव जाणे, पण पुढं कितीतरी दिवस तिकडचा कुणी घरी आला, की चहाचा कप हातात घेताना विचारायचा, “वहिनी, भाऊंचा निशाणा लई पक्का हाय म्हणं?”

मी म्हणायचे, “व्हय, हाय.”